वजन नव्हे, शरीराची घडण: घरी नोंद ठेवणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वजन नियमित करतोच. मग आणखी काही मोजायची गरज काय?

काट्यावर हाडं, पाणी, स्नायू, चरबी, पोटातलं कालचं जेवण असं सगळं एकत्र तोललं जातं. दोन किलो कमी झाले तर त्यात चरबी किती आणि स्नायू किती, हे काटा सांगू शकत नाही. तब्येतीच्या दृष्टीने खरा प्रश्न मात्र तोच असतो.

आपल्याकडे तर हा प्रश्न जास्तच महत्त्वाचा आहे. हातपाय बारीक, चेहरा सडपातळ आणि पोट मात्र पुढे, अशी माणसं प्रत्येक घरात दिसतात. वजन 'नॉर्मल' असल्यामुळे त्यांच्याकडे कुणी लक्ष देत नाही, आणि चाळिशीच्या आसपास अचानक साखर वाढलेली निघते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापून हे दाखवलं. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा होता, २२.३. चरबी मोजली तर युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली.

त्याच गटाने पुण्याजवळच्या खेड्यांमध्ये गर्भवती बायका आणि त्यांच्या बाळांचाही अभ्यास केला. तिथल्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलो होतं, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं लहान होती, त्यांचे स्नायूही कमी होते, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. म्हणजे ही ठेवण जन्मापासूनची आहे. 'मी काही जाड नाही' एवढ्यावर म्हणूनच निर्धास्त राहू नये.

बीएमआय मग निरुपयोगी समजायचा का?

नाही. सुरुवातीची चाळणी म्हणून तो चालतो. वजन किलोमध्ये घ्या आणि मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागा. भारतीयांसाठी २३ च्या पुढे वजन जास्त आणि २५ च्या पुढे स्थूलता धरतात. बरीच परदेशी ॲप्स २५ आणि ३० हे आकडे वापरतात, त्यामुळे ॲपने हिरवा रंग दाखवला तरी आपला हिशेब वेगळा असू शकतो. पण पुढच्या नोंदींसाठी बीएमआयवर वेळ घालवू नका. उंची बदलत नाही, त्यामुळे तो वजनाचाच आकडा वेगळ्या रूपात दाखवतो.

सुरुवातीला काय काय विकत घ्यावं?

शिंपी वापरतात तसली टेप, एक साधा डिजिटल काटा आणि एक वही. एवढ्यात ऐंशी टक्के काम होतं, असं माझं ठाम मत आहे. टेप कापडी आणि जुनी असेल तर ती ताणून लांब झालेली असते. घरातल्या स्टीलच्या पट्टीला लावून ३० सेंटिमीटर जुळतात का ते एकदा पाहा. जुळत नसतील तर नवी, न ताणणारी टेप आणा.

कंबर नेमकी कुठे मोजायची? दर वेळी वेगळा आकडा येतो.

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पँटचा पट्टा जिथे बसतो किंवा परकराची नाडी जिथे बांधतो, ती जागा मोजायची नाही. पट्टा बहुतेक पुरुषांच्या पोटाच्या खाली असतो, त्यामुळे ढेरी वाढली तरी पँटचा नंबर वर्षानुवर्षं चौतीसच राहतो. नाडीची जागाही साडी कशी नेसतो त्याप्रमाणे वरखाली होते.

आरशासमोर उभं राहा. कुशीवर बोटं दाबून सगळ्यात खालची बरगडी शोधा. मग खाली येत कमरेच्या हाडाची वरची कड शोधा. या दोन्हींच्या बरोबर मधोमध पेनने बारीक खूण करा, दुसऱ्या बाजूलाही तशीच. टेप या दोन खुणांवरून न्या. टेप मागे खाली घसरते आणि ते आपल्याला दिसत नाही, म्हणून आरशात बाजूने वळून पाहा किंवा घरातल्या कुणाला तरी बघायला सांगा. टेप जमिनीला समांतर असावी, अंगाला टेकलेली असावी, पण कातडीत रुतू नये. पाय थोडे फाकवलेले, हात सैल. एक-दोनदा नेहमीसारखा श्वास घ्या, सोडा, आणि सोडल्यावर, पोट आत न ओढता, आकडा वाचा. टेप काढून पुन्हा लावा आणि दुसऱ्यांदा मोजा. दोन आकड्यांत एक सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा मोजून एकमेकांच्या जवळच्या दोन आकड्यांची सरासरी लिहा.

पोट फार पुढे असेल आणि हाडं हाताला लागत नसतील तर बेंबीच्या रेषेत मोजलं तरी चालेल. मात्र मग कायम तिथेच मोजा, आणि वहीत 'बेंबीवर' असं लिहून ठेवा. मोजायची जागा बदलली की जुन्या आकड्यांशी तुलना संपली.

किती घेर ठीक म्हणायचा?

भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि बायकांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा सर्वसाधारणपणे मानली जाते. इंचांत साधारण साडेपस्तीस आणि साडेएकतीस.

याहून सोपी पद्धत हवी असेल तर आपल्या उंचीएवढी सुतळी कापा, ती दुमडून निम्मी करा आणि कमरेभोवती गुंडाळा. दोन्ही टोकं जुळली नाहीत तर घेर उंचीच्या निम्म्याहून जास्त आहे, आता लक्ष द्यायला हवं. ब्रिटनच्या 'नाइस' या आरोग्यसंस्थेनेही २०२२ पासून मोठ्या माणसांसाठी हाच 'उंचीच्या निम्म्याहून कमी' हा नियम सांगितला आहे. वाचता न येणाऱ्या आजीलाही ही पद्धत एका मिनिटात समजते, म्हणून मला ती फार आवडते.

स्मार्ट काट्यावर चरबीचा टक्का दिसतो. तो खरा असतो का?

तो अंदाज असतो. काट्यावर अनवाणी उभं राहिलं की एका पायातून अगदी सूक्ष्म वीजप्रवाह सोडला जातो आणि दुसऱ्या पायातून परत घेतला जातो. स्नायूंमध्ये पाणी भरपूर, साधारण तीन चतुर्थांश, त्यामुळे त्यातून प्रवाह सहज जातो. चरबीत पाणी कमी, तिथे अडथळा होतो. काटा मोजतो तो हा अडथळा. त्यावरून आणि तुम्ही भरलेली उंची, वय, लिंग, वजन यांवरून एका सूत्राने टक्का काढला जातो.

यात दोन अडचणी आहेत. प्रवाह एका पायातून वर चढून दुसऱ्या पायाने खाली येतो, वरच्या पोटापर्यंत तो फारसा जातच नाही. आपली चरबी तर तिथेच जास्त साठते. आणि सूत्र ज्या लोकांच्या मापांवरून बसवलंय त्यांची ठेवण तुमच्यासारखी असेलच असं नाही. म्हणून दोन कंपन्यांच्या काट्यांवर एकाच सकाळी उभं राहिलात तर चार-पाच टक्क्यांचा फरक सहज दिसू शकतो. जिममधल्या मशीनचा आकडा आणि घरचा आकडा म्हणूनच शेजारी शेजारी मांडू नये.

पाण्याचा परिणाम तर रोजचा. पाणी कमी प्यायलात, घाम गेला, जुलाब झाले तर अडथळा वाढतो आणि चरबी 'वाढलेली' दिसते. ओल्या पायांनी उभं राहिलात, पायाला जाड भेगा असतील, नुकताच व्यायाम केला असेल, तरी आकडा हलतो.

मग उपयोग काय? एकच काटा, एकच वेळ, सारखी परिस्थिती, आणि दोन-तीन महिन्यांचा कल. टक्का २९ आहे की ३२ यावर वाद घालू नका. तीन महिन्यांत तो सातत्याने खाली येतोय आणि कंबरही कमी होतेय, एवढं दिसलं तर विश्वास ठेवा. काटा आणि टेप परस्परविरुद्ध बोलू लागले तर मी टेपचं ऐकेन.

पेसमेकर किंवा शरीरात बसवलेलं दुसरं कुठलंही विजेवर चालणारं उपकरण असेल तर हे काटे वापरू नका. गरोदरपणातही चरबीचा भाग बंद ठेवून फक्त वजन करा.

स्मार्ट काट्याच्या ॲपमध्ये 'व्हिसरल फॅट' आणि 'मेटाबॉलिक एज'ही येतं…

व्हिसरल फॅट म्हणजे पोटाच्या आतली, यकृत-आतड्यांभोवतीची चरबी. ती खरोखर पाहायची तर सीटी किंवा एमआरआय लागतो. काट्यावरचा आकडा तुमच्या इतर आकड्यांवरूनच काढलेला असतो. मेटाबॉलिक एजची, म्हणजे चयापचयावरून काढलेल्या 'शरीराच्या वया'ची, तर सर्वमान्य अशी व्याख्याच नाही. तो रकाना सोडून द्या.

नवरात्रात नऊ दिवस उपवास केले, दोन किलो उतरले. चरबी गेली ना?

थोडी गेली असेल, पण दोन किलो नाही. साधा हिशेब करू. एक किलो चरबी घटायला साधारण ७,७०० कॅलरींची तूट पडावी लागते. दोन किलोंना १५,४००, म्हणजे नऊ दिवस रोज १,७०० कॅलरींची तूट. घरकाम, नोकरी सांभाळणाऱ्या मध्यम बांध्याच्या बाईचा दिवसभराचा एकूण खर्चच १,८०० ते २,००० च्या आसपास असतो. म्हणजे नऊ दिवस जवळजवळ काहीच खाल्लं नाही तर हे जमेल. साबुदाण्याची खिचडी, राजगिऱ्याचे लाडू, बटाट्याचा कीस खाऊन तर नाहीच.

मग गेलं काय? यकृतात आणि स्नायूंत साखरेचा साठा असतो, त्याला ग्लायकोजेन म्हणतात. त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. खाणं कमी झालं की आधी हा साठा आणि त्याचं पाणी उतरतं. शिवाय आतड्यात अन्न कमी असतं. दसऱ्याला श्रीखंड-पुरी झाली की दोन दिवसांत साठा आणि पाणी दोन्ही परत येतं, आणि लोकांना वाटतं, एका जेवणाने किलोभर चरबी चढली. तसंही होत नाही. मिसळ, लोणचं, पापड अशा खारट जेवणानंतर सकाळी वाढलेलं वजनही पाण्याचंच असतं.

उपवासाचे आणि सणाचे दिवस वहीत नोंदवा, पण त्या आठवड्यावरून निष्कर्ष काढू नका.

कधी आणि किती वेळा मोजावं?

वजन सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, कमीत कमी कपड्यांत. काटा कायम एकाच टाइलवर ठेवा. सतरंजीवर किंवा टाइलच्या उंचवट्यावर तो चुकीचं दाखवतो. रोज केलंत तर सात दिवसांची सरासरी काढा आणि तिच्याकडेच बघा, कारण एक-दीड किलोची चढउतार कुणाच्याही शरीरात होते. रोज करायचं नसेल तर आठवड्याचा एक वार ठरवा.

टेप दर पंधरा दिवसांनी पुरे. त्याहून लवकर मोजलंत तर शरीरातला बदल नाही, तर टेप धरण्यातला फरक दिसतो.

पाळी येण्याआधीच्या दिवसांत बऱ्याच जणींच्या अंगात पाणी साठतं, पोट फुगतं. म्हणून महिन्यातले आकडे एकमेकांशी न जोडता या पाळीचा सहावा-सातवा दिवस मागच्या पाळीच्या त्याच दिवसाशी ताडून पाहा. ही एक सवय लावून घेतली तर निम्मा मनस्ताप वाचतो.

कंबरेशिवाय आणखी काय मोजू?

नितंबांचा सगळ्यात मोठा घेर, मांडीचा मध्य, दंड आणि पोटरी. दंड मोजताना खांद्याचं टोक आणि कोपर यांच्या मधोमध, हात सैल सोडून. कायम एकाच बाजूचा. कंबर उतरतेय आणि दंड-मांडी टिकून आहेत तर ठीक चाललंय. सगळंच सारखं उतरत असेल तर तुम्ही फार कमी खाताय, किंवा व्यायाम फक्त चालण्यापुरता आहे. वजन घटतं तेव्हा त्यात स्नायूंचाही वाटा असतोच. तो कमी ठेवायचा तर पुरेशी प्रथिनं आणि ताकदीचा व्यायाम लागतो. वजन उतरवण्याची इंजेक्शनं घेणाऱ्यांनी दंड-मांडीची ही नोंद जास्त काळजीने ठेवावी.

टेपवरून चरबीचा टक्का काढता येतो असं ऐकलं.

येतो. अमेरिकन नौदलासाठी १९८४ मध्ये हॉजडन आणि बेकेट यांनी सूत्र बसवलं. पुरुषांसाठी उंची, मान आणि बेंबीवरचा घेर लागतो. बायकांसाठी उंची, मान, कंबर सगळ्यात बारीक असते तिथला घेर आणि नितंबाचा घेर. नेटवर त्याचे तयार कॅल्क्युलेटर आहेत.

उंची १७० सेंटिमीटर, मान ३८ आणि पोट ९० असलेल्या पुरुषाला हे सूत्र सुमारे २१.५ टक्के सांगतं. पोट ८८ धरलं तर २०. म्हणजे टेप दोन सेंटिमीटर घट्ट ओढली की दीड टक्का चरबी कागदावरच कमी होते! सूत्र वापरायचं असेल तर आधी मोजणं पक्कं करा. सूत्र परक्या शरीरांवरून बसवलेलं आहे, हेही लक्षात असू द्या.

आणि चिमट्यासारखं ते कॅलिपर?

कातडीची घडी चिमटीत धरून तिची जाडी मोजतात. सराईत हाताला छान जमतं. घरी स्वतःच्या पाठीची घडी स्वतःला धरता येत नाही. दर वेळी तीच व्यक्ती मोजणार असेल तर करा, नाहीतर पैसे वाचवा.

डेक्सा स्कॅन करून घ्यावा का?

हाडांच्या तपासणीसाठीचंच ते यंत्र, त्यावर चरबी आणि स्नायू वेगवेगळे कळतात. क्ष-किरणांची मात्रा अगदी कमी असते. मोठ्या शहरांत सोय आहे. उत्सुकता आणि ऐपत असेल तर सुरुवातीला एकदा आणि वर्षाने एकदा, त्याच केंद्रात, त्याच यंत्रावर. दर महिन्याला करण्यात अर्थ नाही, एवढ्या कमी काळातला बदल यंत्राच्या फरकातच हरवून जातो.

जिम सुरू केली आणि वजन दीड किलो वाढलं. घरचे हसतायत.

हसू द्या, सोडू नका. नवीन व्यायामाने स्नायू दुखतात, सुजतात आणि पाणी धरतात. ग्लायकोजेनचा साठाही वाढतो. पहिल्या काही आठवड्यांतली वाढ बहुतेक याचीच. खरा स्नायू हळूहळू बनतो, त्याला महिने लागतात. तोवर ताकदीची नोंद ठेवा: किती बैठका झाल्या, किती किलोचं डंबेल किती वेळा उचललं. आकडे वाढतायत आणि कंबर तेवढीच आहे किंवा उतरतेय, म्हणजे गाडी रुळावर आहे.

आई अडुसष्ट वर्षांची आहे. वजन तेवढंच, पण पाय काटकुळे झालेत. वयाने होतंच ना?

होतं, पण म्हणून सोडून देऊ नका. या पानावरचा हा प्रश्न मला सगळ्यात जवळचा वाटतो, कारण आईचं वजन कुणी बघतच नाही. स्नायू गेले आणि त्यांच्या जागी चरबी आली तरी काटा तोच आकडा दाखवतो. कळतं ते एकदम, न्हाणीघरात तोल गेल्यावर.

पोटरीचा सगळ्यात जाड भाग मोजा. आशियाई तज्ज्ञांच्या गटाने २०१९ मध्ये दिलेल्या मर्यादेनुसार पुरुषांत ३४ आणि बायकांत ३३ सेंटिमीटरपेक्षा कमी भरली तर स्नायू झिजल्याची शंका घ्यायची. टेप नसेल तर जपानमध्ये वापरतात ती युक्ती करा: आईने खुर्चीत बसून स्वतःच्या दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या जुळवून पोटरीभोवती कडं करायचं. कडं सैल पडून मध्ये फट राहिली तर शंकेला जागा आहे. पायावर सूज असेल तर मात्र हे माप फसवं ठरतं.

मग ताकद पाहा. भिंतीला टेकवलेली, हात नसलेली खुर्ची घ्या. आईने हात छातीवर बांधून पाच वेळा पूर्ण उठायचं आणि बसायचं. तुम्ही शेजारी उभे राहा. बारा सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर डॉक्टरांशी बोला. गुडघे फार दुखत असतील तर ही चाचणी करू नका.

खाण्याकडेही बघा. रात्री चहा-बिस्किट किंवा नुसती पेज, 'मला आता काय लागतंय' हे वाक्य, आणि दात नसल्याने डाळ-उसळ सुटलेली. भारतीय शिफारशीत निरोगी प्रौढांसाठी रोज किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं सांगितली आहेत. पन्नास किलोच्या आईला साधारण ४२ ग्रॅम, आणि उतारवयात बरेच तज्ज्ञ त्याहून थोडी जास्त सांगतात. घट्ट वरण, मऊ शिजवलेली मुगाची उसळ, पनीर, अंडं, मासे, दही, घरात जे चालतं ते दोन्ही वेळा असू द्या. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

बाळंतपणानंतर कधीपासून मोजू?

पहिले सहा आठवडे टेप कपाटात ठेवा. गर्भाशय, पाणी, पोटाचे सैल पडलेले स्नायू सगळं पूर्ववत होत असतं. दूध पाजत असताना झपाट्याने वजन उतरवण्याच्या मागे लागू नका.

मुलांसाठी हेच आकडे चालतील?

नाही. वाढत्या मुलांचे तक्ते वयाप्रमाणे वेगळे असतात, ते बालरोगतज्ज्ञांकडे पाहा. मुलांना सगळ्यांसमोर काट्यावर उभं करणं मात्र आजच थांबवा. 'गोलू' म्हणून हाक मारणंही.

मोजायची धास्ती वाटते. आकडा वाढला की दिवसभर जेवत नाही.

मग काही महिने मोजू नका, आणि जवळच्या माणसाला हे सांगा. जेवण सुटत असेल तर डॉक्टर किंवा समुपदेशकांना जरूर भेटा. पूर्वी घट्ट होणारा ब्लाउज किंवा शर्ट महिन्यातून एकदा घालून पाहणंही पुरेशी नोंद आहे.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात पाच टक्क्यांहून जास्त वजन उतरलं, म्हणजे साठ किलोच्या माणसाचं तीन किलोंहून जास्त, तर लगेच. 'बरं झालं, बारीक झाले' म्हणून गप्प बसू नका. मधुमेह, क्षयरोग, थायरॉइड असं बरंच काही त्यामागे असू शकतं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले आणि पाय सुजले किंवा धाप लागली तरीही थांबू नका, विशेषतः हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर.

कंबर मर्यादेच्या पुढे असेल आणि त्रास काहीच नसेल तर घाईचं कारण नाही, पण रक्तदाब, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) आणि लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) एकदा करून घ्या. घरात आई-वडिलांपैकी कुणाला मधुमेह असेल तर वजन कितीही कमी दिसत असलं तरी करा. जाताना वहीतल्या गेल्या तीन महिन्यांच्या नोंदींचा फोटो फोनमध्ये ठेवा, आणि कंबर कुठे मोजली तेही डॉक्टरांना सांगा.